खाऱ्या पाण्यातील जखमा आणि जैविक पट्ट्या

महाड शहरापासून थोड्या अंतरावर, सावित्री नदीच्या काठी सव हे गाव वसले आहे. तेथील उष्ण पाण्याच्या झऱ्यांमुळे ते दूरवर ओळखले जाते. खरूज, नायटा, इसब यांसारख्या त्वचारोगांवर हे पाणी गुणकारी आहे अशा श्रद्धेने पिढ्यानपिढ्या लोक तेथे स्नानासाठी येत आले आहेत. १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या कुलाबा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही महाड परिसरातील उष्ण झऱ्यांची नोंद आहे. आपल्या उत्तर कोकणातील वाचकांना वज्रेश्वरी, गणेशपुरी आणि अकलोली येथील कुंडे परिचित आहेत. सव, पालीजवळील उन्हेरे आणि दक्षिणेकडील राजापूर ही त्याच मालिकेतील ठिकाणे होत.

सवचा उल्लेख आम्ही आरंभी केला त्याचे कारण केवळ उष्ण झरे नव्हेत. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावणारी सावित्री पोलादपूरवरून महाडला येते आणि पुढे बाणकोट व हरिहरेश्वर यांच्यामधून अरबी समुद्रास मिळते. समुद्राच्या भरतीचा परिणाम या नदीत महाडच्या परिसरापर्यंत जाणवतो. पूर्वी बाणकोटहून मालाची गलबते भरतीच्या पाण्यावर दासगाव-महाडकडे येत असत. म्हणजे समुद्रकिनाऱ्यापासून इतक्या आत असूनही या भागातील माणसाच्या जखमेला कधी डोंगरातील पुराचे पाणी लागते, कधी खाडीचे मचूळ पाणी लागते, तर कधी दोन्हींचे मिश्रण. अशा जखमेवर काय बांधावे, हा प्रश्न अर्नाळा, वसई, उत्तन वा कोर्लई येथील कोळी बांधवांइतकाच सावित्रीकाठच्या शेतकऱ्यासही लागू आहे.

समुद्राच्या पाण्याचा संसर्ग झालेल्या त्वचेच्या जखमा भरून याव्यात म्हणून जैवपदार्थांपासून बनविलेल्या पट्ट्यांवर गेल्या काही दशकांत जगभर पुष्कळ संशोधन झाले आहे. जैवपदार्थ म्हणजे सजीवांपासून मिळणारे किंवा सजीव शरीराशी जुळवून घेणारे पदार्थ. या संशोधनात महाराष्ट्रातील रुग्णालयांचाही वाटा आहे. वाचकांना या विषयाची संकलित माहिती मिळावी या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

खारे पाणी जखमेचे काय करते?

खाऱ्या पाण्याने जखम लवकर सुकते, अशी एक समजूत किनाऱ्यावर सर्वत्र आढळते. तिच्यात सत्याचा अंश आहे, पण तो मिठाच्या स्वच्छ पाण्यापुरता. रुग्णालयात जखम धुण्यासाठी जे सलाईन वापरतात त्यात एका लिटरमध्ये ९ ग्रॅम मीठ असते. हे प्रमाण आपल्या शरीरातील द्रवांशी जुळते, म्हणून त्याने पेशींना इजा होत नाही. खुल्या समुद्राच्या एका लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात, म्हणजे जवळजवळ चौपट.

लोणचे मुरताना मीठ फोडींतील पाणी बाहेर खेचते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. उघड्या जखमेत समुद्राचे पाणी दीर्घकाळ राहिले तर तेच घडते. जखमेच्या तळाशी असलेल्या कोवळ्या पेशींतील पाणी बाहेर ओढले जाते, त्या आक्रसतात आणि काही मरतात. मेलेल्या पेशी हे जंतूंचे आयते खाद्य ठरते. सभोवतालच्या ऊतींना सूज येते, दाह लांबतो आणि नवी त्वचा धरण्यास विलंब होतो. बोट उलटून किंवा पुरात वाहून जाऊन कित्येक तास पाण्यात राहिलेल्या जखमी माणसाच्या बाबतीत याखेरीज शरीराची उष्णता कमी होणे आणि रक्तस्राव न थांबणे हेही धोके संभवतात.

खाडीतील जंतू

क्षारापेक्षाही मोठा धोका जंतूंचा आहे. मिठात जंतू जगत नाहीत, हा समज समुद्राच्या बाबतीत खरा नाही. व्हिब्रिओ या कुळातील बहुतेक जंतूंना मीठ लागते. पटकीचा जंतू याच कुळातील आहे. त्याचा एक भाऊबंद, व्हिब्रिओ व्हल्निफिकस, उबदार आणि मध्यम खारट पाण्यात, म्हणजे नेमक्या खाडीच्या मुखाशी वाढतो. पाण्याचे तापमान सुमारे २० अंश सेल्सिअसच्या वर असले की तो फोफावतो, आणि आपल्या कोकणच्या किनाऱ्यावर तर पाणी वर्षभर त्याहून उबदार असते. कालवे फोडताना हाताला झालेली चीर, चिंबोरीचा चावा, कोळंबीच्या काट्याची टोच, खडकावर घसरून खरचटलेला गुडघा, एवढी वाट त्यास पुरते.

निरोगी माणसाला त्याचा संसर्ग क्वचितच होतो. मात्र ज्यांना यकृताचा विकार आहे, मद्यपानाने ज्यांचे यकृत खराब झाले आहे, ज्यांना मधुमेह आहे किंवा ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी झाली आहे, त्यांच्या बाबतीत तो जिवावर बेततो. हा गंभीर संसर्ग झालेल्यांपैकी सुमारे पाचांतील एक जण दगावतो आणि कधी कधी एक-दोन दिवसांतच मृत्यू ओढवतो. म्हणून खाडीतील जखमेच्या बाबतीत 'उद्या बघू' हे धोरण घातक ठरते.

गोड्या पाण्याचे जंतू वेगळे असतात. पावसाळ्यात सावित्रीला पूर येतो तेव्हा पाणी खारे राहत नाही. त्यात चिखल, गुरांचे मूत्र आणि उंदरांची घाण मिसळलेली असते. लेप्टोस्पायरोसिसचा जंतू अशा पाण्यातून पायाच्या भेगांवाटे शरीरात शिरतो. २५-२६ जुलै २००५ रोजी महाड तालुक्यात महापूर आला आणि दासगाव, जुई, रोहन व कोंडिवते येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पुन्हा पाण्याखाली गेले, तालुक्यातील तळिये गावावर दरड कोसळली आणि पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर-सुतारवाडी येथेही तसाच घाला पडला. अशा प्रसंगी मदतीला धावणारे तरुण पत्रे, काचा, खिळे आणि चिखल यांमध्ये तासन् तास वावरतात. त्यांच्या पायाच्या लहान जखमा कोणी मोजत नाही आणि आजार मात्र आठवड्याभराने उद्भवतो. पाणी खारे होते की गोडे, ही माहिती म्हणूनच डॉक्टरांना सांगणे अगत्याचे आहे. तीवरून औषध ठरते.

जखम सुकवावी की ओलसर ठेवावी?

जखम उघडी ठेवून वाऱ्यावर सुकवावी, खपली धरू द्यावी, असे आपले वाडवडील सांगत. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वैद्यकातही हेच मत प्रचलित होते. १९६२ साली जॉर्ज विंटर या शास्त्रज्ञाने 'नेचर' या नियतकालिकात एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. डुकराच्या कातडीवरील उथळ जखमा त्याने अभ्यासल्या होत्या. ज्या जखमांवर पातळ प्लॅस्टिकचे आवरण घालून ओलावा राखला होता, त्यांवर नवी त्वचा उघड्या जखमांच्या सुमारे दुप्पट वेगाने पसरली. कारण साधे आहे. नव्या त्वचेच्या पेशी जखमेच्या कडेकडून आत सरकत येतात. कोरड्या खपलीखालून त्यांना वाट काढावी लागते. ओलसर पृष्ठभागावरून त्या सहज पुढे जातात.

आधुनिक पट्टीचे काम या शोधातून निश्चित झाले. चांगल्या पट्टीने जखमेचा योग्य ओलावा राखावा, जास्तीचा स्राव शोषावा, बाहेरचे पाणी व जंतू आत येऊ देऊ नयेत, आणि ती काढताना नवी त्वचा सोलून निघू नये. साधा कोरडा गॉज यांपैकी शेवटच्या कसोटीवर हमखास नापास होतो, हे भाजलेल्या रुग्णाची पट्टी बदलताना ज्यांनी पाहिले आहे त्यांना सांगावयास नको.

महाराष्ट्रातील तीन प्रयोग

आपल्या राज्यातील शल्यविशारदांनी या कसोट्यांवर उतरतील असे स्वस्त जैविक पदार्थ शोधले. हे प्रयोग प्रामुख्याने भाजलेल्या जखमांवर झाले; तथापि त्यांतून मिळालेले धडे सर्व जखमांना उपयोगी आहेत.

पहिला प्रयोग बटाट्याच्या सालीचा. मुंबईत परळ येथील बाई जेरबाई वाडिया बालरुग्णालयातील डॉ. एम. एच. केसवानी यांनी उकडलेल्या बटाट्याच्या साली गॉजवर बसवून, निर्जंतुक करून, भाजलेल्या मुलांच्या जखमांवर वापरल्या. त्यांचा प्राथमिक अहवाल १९८५ साली प्रसिद्ध झाला. सालीमुळे जखम कोरडी पडत नसे आणि पट्टी काढताना मुलांना होणारा त्रास कमी होई. मात्र साल जंतू मारीत नाही, हेही पुढील अभ्यासात नमूद झाले.

दुसरा प्रयोग केळीच्या पानाचा. शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केळीच्या पानाच्या निर्जंतुक पट्ट्या तयार केल्या. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात केळीच्या पानाची आणि बटाट्याच्या सालीची पट्टी परिणामाच्या दृष्टीने तुल्यबळ ठरली. परंतु पानाची पट्टी करण्यास सोपी आणि ११ पट स्वस्त होती. ज्या पानावर आपण जेवतो त्याचा गुळगुळीत, मेणचट पृष्ठभाग जखमेला चिकटत नाही, हेच त्यामागील मर्म.

तिसरा प्रयोग मधाचा. सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी १९९१ साली १०४ रुग्णांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्या रुग्णांना मधाची पट्टी आणि निम्म्यांना त्या काळी सर्वत्र वापरले जाणारे सिल्व्हर सल्फाडायझिन हे मलम लावण्यात आले. सात दिवसांत मधाच्या गटातील ९१ टक्के जखमा जंतुरहित झाल्या, तर मलमाच्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. १९९६ साली त्यांनी मधाची तुलना बटाट्याच्या सालीशी केली. १५ दिवसांत मधाच्या गटातील सर्व जखमा भरून आल्या, सालीच्या गटातील निम्म्या. पुढे अनेक देशांतील अभ्यास एकत्र पडताळणाऱ्या तज्ज्ञांनीही मध्यम खोलीच्या भाजलेल्या जखमा काही पारंपरिक पट्ट्यांपेक्षा मधाने चार ते पाच दिवस लवकर भरतात, असा निष्कर्ष काढला. सर्व प्रकारच्या जखमांविषयी मात्र त्यांनी तसे म्हटलेले नाही.

मधात साखरेचे प्रमाण इतके असते की जंतूंना आवश्यक पाणी मिळत नाही. तो आम्लधर्मी आहे आणि पातळ होताना त्यातून थोडे हायड्रोजन पेरॉक्साइड निर्माण होते. परंतु रुग्णालयात वापरला जाणारा मध किरणोत्साराने निर्जंतुक केलेला असतो. बरणीतील मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीज असू शकते, म्हणून घरचा मध खोल जखमेत भरणे योग्य नाही. शिवाय मध पाण्यात विरघळतो. बिछान्यावरील रुग्णास तो उपयोगी, होडीतील माणसास नव्हे.

याच संदर्भात एक उल्लेख करणे आम्हांस आवश्यक वाटते. मोठ्या भाजण्यावर सर्वांत उत्तम जैविक आवरण म्हणजे मानवी त्वचा. शीवच्या याच रुग्णालयात २००० साली त्वचापेढी सुरू झाली. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत त्वचादान करता येते आणि ग्लिसरॉलमध्ये ती दीर्घकाळ टिकविता येते. नेत्रदानाविषयी आपल्या समाजात जागृती झाली आहे. त्वचादानाचा विचारही कुटुंबांनी करावा.

समुद्रातून आलेल्या पट्ट्या

ज्या समुद्रात जखम होते त्याच समुद्रातून तिच्यावरील पट्टीचे साहित्य येते, हे या विषयातील लक्षणीय सत्य आहे. असे तीन पदार्थ मुख्य आहेत.

तपकिरी समुद्रशेवाळापासून अल्जिनेट मिळते. ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ एडवर्ड स्टॅनफर्ड याने १८८१ साली ते वेगळे केले. कोकणच्या खडकांवर वाढणारे सरगॅसम हे याच वर्गातील शेवाळ. कॅल्शियम अल्जिनेटच्या धाग्यांची पट्टी आपल्या वजनाच्या पंधरा ते वीस पट स्राव शोषते. जखमेच्या द्रवातील सोडियम आणि पट्टीतील कॅल्शियम यांची अदलाबदल होऊन धाग्यांचा मऊ गोळा बनतो. सुटलेले कॅल्शियम रक्त गोठण्यास मदत करते. पण हाच गुण समुद्रात दोष ठरतो. समुद्राच्या पाण्यात सोडियम विपुल असल्याने अशी पट्टी पाण्यातच फुगून सैल होते. जखम स्वच्छ करून रुग्ण कोरड्या जागी आल्यानंतरच ती वापरावी लागते.

कोळंबी आणि चिंबोरी यांच्या कवचांत कायटिन असते. आम्लाने त्यातील चुना आणि अल्कलीने प्रथिने काढून, पुढे तीव्र अल्कलीची प्रक्रिया केली की कायटोसान मिळते. कोची येथील केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कोळंबीच्या टाकाऊ कवचांपासून ते बनविण्यावर दीर्घकाळ काम केले आहे. कायटोसानवर धन विद्युतभार असतो आणि रक्तपेशींवर ऋण; त्यामुळे रक्तपेशी त्याला चिकटून गाठ बनते व रक्तस्राव थांबतो. अमेरिकेत अशा पट्टीस २००२ साली मान्यता मिळाली आणि ती सैन्यात वापरली गेली. भारतातही कायटोसानच्या रक्तरोधक पट्ट्या तयार होतात. कायटोसान आम्लात विरघळते, पण समुद्राच्या किंचित अल्कधर्मी पाण्यात विरघळत नाही. म्हणूनच खाऱ्या पाण्यातील जखमांसाठी संशोधकांची पहिली पसंती त्यालाच असते. ज्यांना कोळंबी-चिंबोऱ्यांची ॲलर्जी आहे त्यांनी मात्र डॉक्टरांना तसे आधी सांगावे.

तिसरा पदार्थ म्हणजे कोलॅजेन. आपल्या त्वचेचा सांगाडा याच प्रथिनाचा असतो. त्याची पट्टी जखमेत नव्या पेशींना मांडवासारखा आधार देते. वेली त्यावर चढाव्यात तशा पेशी व रक्तवाहिन्या त्यात वाढतात. आइसलँडमधील एका कंपनीने कॉड माशाच्या कातडीपासून बनविलेल्या आवरणास २०१३ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. ब्राझीलमधील फोर्तालेझा येथील डॉक्टरांनी तिलापिया माशाची निर्जंतुक कातडी भाजलेल्या रुग्णांवर वापरली. भारतात तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेने डुकराच्या पित्ताशयापासून बनविलेल्या आवरणास २०२३ साली औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली. या बातम्या वाचून कोणी बाजारातील माशाची कातडी जखमेवर बांधू नये, ही आमची आग्रहाची विनंती आहे. त्या पट्टीमागे निर्जंतुकीकरणाचे अनेक टप्पे असतात. कच्च्या कातडीबरोबर जंतूच जखमेत जातील.

पाण्यातही चिकटणारी पट्टी

खरा अडसर चिकटण्याचा आहे. ओल्या त्वचेवर साधी चिकटपट्टी टिकत नाही, हा आपल्या सर्वांचा अनुभव. लाटांचा मारा खाऊनही खडकाला घट्ट धरून राहणाऱ्या शिनाण्यांनी या प्रश्नाचे उत्तर दिले. अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट वेट यांनी १९८१ साली दाखविले की, या शिंपल्याच्या चिकट धाग्यांतील प्रथिनांत डोपा नावाचा घटक असतो. तो पाण्याचा थर बाजूस सारून पृष्ठभागाशी बंध जुळवितो. याच धर्तीवर कायटोसान किंवा अन्य पदार्थांत डोपासारखे रासायनिक गट जोडून हायड्रोजेल, म्हणजे पाणी धरून ठेवणारे जेलीसारखे मऊ पदार्थ बनविण्यात आले आहेत.

चीन आणि इतर देशांतील संशोधकांनी समुद्राच्या पाण्यात बुडविलेल्या जखमांवर अशा हायड्रोजेलांचे प्रयोग केले आहेत. ते ओल्या त्वचेस चिकटावेत, क्षार आत येऊ देऊ नयेत, रक्त थांबवावे आणि जंतूंना रोखावे, अशी चार कामे एकाच पट्टीकडून अपेक्षित आहेत. यांतील बहुतेक काम अजून प्रयोगशाळा आणि उंदीर-ससे यांच्यापुरते आहे. म्हणून आज आपल्या औषधाच्या पेटीत अशी पट्टी नाही, हे लक्षात घेऊनच पुढील सूचना वाचाव्यात.

जखम झाल्यावर काय करावे?

कोणतीही पट्टी, कितीही गुणी असली तरी, घाणीवर बांधली तर घाण आत कोंडते. म्हणून पट्टीचा क्रम दुसरा आहे आणि धुण्याचा पहिला. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातही जखमी वाटसरूच्या जखमांना आधी तेल व द्राक्षारस लावला जातो आणि मग त्या बांधल्या जातात; नंतर त्याला उतारशाळेत नेले जाते. तोच क्रम आजही योग्य आहे.

१. जखमीस पाण्याबाहेर काढून कोरडे व उबदार ठेवावे. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने जखमेवर सतत दाब द्यावा.

२. रक्त थांबल्यावर पिण्यायोग्य स्वच्छ पाण्याच्या धारेखाली, साबण वापरून, जखम काही मिनिटे नीट धुवावी. भरपूर धुणे हेच निम्मे औषध. होडीवर जाताना पिण्याच्या पाण्याचा एक कॅन यासाठी राखून ठेवावा.

३. हळद, चुना, तंबाखू, राख, दंतमंजन, डिझेल यांपैकी काहीही जखमेत भरू नये.

४. स्वच्छ गॉज वा धुतलेल्या सुती कापडाने जखम झाकावी. खोल रुतलेला काटा, काच वा लोखंड स्वतः उपटू नये.

५. त्याच दिवशी जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा रुग्णालयात जावे. 'जखम खाडीच्या पाण्यात झाली' किंवा 'पुराच्या पाण्यात झाली' असे स्पष्ट सांगावे. मधुमेह, यकृताचा विकार असल्यास तेही सांगावे. धनुर्वाताचे इंजेक्शन पूर्वी कधी घेतले ते आठवून ठेवावे. मळलेल्या जखमेस पाच वर्षांहून अधिक काळ झाला असल्यास ते पुन्हा द्यावे लागते.

६. डॉक्टरांनी खोल, घाणेरडी जखम लगेच शिवली नाही तर रागावू नये. ती काही दिवस उघडी ठेवून, स्वच्छ झाल्यावर शिवणे हीच अशा वेळी योग्य पद्धत आहे.

७. जखमेच्या मानाने वेदना फार वाटणे, तासातासाने लाली पसरणे, जांभळे फोड येणे, थंडी वाजून ताप येणे, माणूस असंबद्ध बोलू लागणे, यांपैकी एकही लक्षण दिसल्यास क्षणाचाही विलंब न लावता रुग्णास मोठ्या रुग्णालयात न्यावे. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागविता येते.

आधीच जखम असेल तर ती भरेपर्यंत खाडीत वा समुद्रात उतरू नये. उतरणे भागच असेल तर पाणी आत न जाणाऱ्या पट्टीने ती पूर्ण झाकावी आणि बाहेर आल्यावर साबणाने धुवावी. कालवे काढणाऱ्या भगिनींनी जाड हातमोजे वापरावेत; पुरात मदत करणाऱ्यांनी गमबूट घालावेत आणि लेप्टोस्पायरोसिसच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी आरोग्य केंद्रात विचारावे.

उष्ण पाण्याचा योग्य उपयोग

आता पुन्हा सवच्या कुंडाकडे वळू. उष्ण पाण्याचा जखमेशी एक संबंध वैद्यकाने मान्य केला आहे. शिंगाळ्याचा काटा किंवा पाकटाची नांगी लागली असता होणारी असह्य वेदना गरम पाण्याने कमी होते. जखमी हात वा पाय सुमारे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या स्वच्छ पाण्यात अर्धा ते दीड तास ठेवावा, असे सांगितले जाते. पाणी सोसवेल इतकेच गरम आहे ना, हे दुसऱ्या, धडधाकट हाताने तपासावे. त्यानंतरही डॉक्टरांकडे जाणे आवश्यकच आहे, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो. काटा छातीत वा पोटात रुतला असेल तर तो न काढता थेट रुग्णालय गाठावे.

मात्र हे पाणी घरी उकळून कोमट केलेले असावे. अनेकांनी स्नान केलेल्या कुंडात उघडी जखम बुडविणे दोन्ही बाजूंनी अहिताचे आहे. आपल्या जखमेतील जंतू इतरांस आणि इतरांचे आपणांस लागतात. त्याहूनही मोठा धोका ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने वा कुष्ठरोगाने गेली आहे त्यांना असतो. पाणी किती तापले आहे हे त्यांना कळत नाही, पाय भाजतो, आणि चिघळलेल्या फोडातून पाय कापण्याची वेळ येते. मधुमेही वडीलधाऱ्यांना सवला किंवा वज्रेश्वरीला घेऊन जाणाऱ्या मुलांनी ही गोष्ट विसरू नये. कोरडी, अखंड त्वचा असलेल्या माणसाने उष्ण झऱ्यावर स्नान करून थकवा घालविण्यास आमची हरकत नाही. जखमेस मात्र कुंडाचा पर्याय नको.

शेवाळ, कवच, मासा, मध आणि केळीचे पान या आपल्या नित्याच्या वस्तूंतून शास्त्राने जखमेची पट्टी घडविली, आणि पुढील काळात खाऱ्या पाण्यातही टिकणारी पट्टी आपल्या होड्यांवर येईल, अशी आशा बाळगण्यास जागा आहे. ती येईपर्यंत स्वच्छ पाणी, साबण, धुतलेले कापड आणि त्याच दिवशी गाठलेले आरोग्य केंद्र यांवरच जीव वाचतो. आपापल्या गावातील मच्छीमार संस्था, युवक मंडळे आणि महिला गट यांनी पावसाळ्यापूर्वी प्रथमोपचाराच्या पेट्या तपासून घ्याव्यात आणि वरील सात सूचना कागदावर लिहून पेटीच्या झाकणास आतून चिकटवाव्यात, अशी आम्ही वाचकांना विनंती करतो.